स्टिअरिंगवरचा गिअर फ्लोअरवर आणताना

माझ्याकडची १९६७ सालची शेव्हरोले शेव्हेल अगदी साधी आहे. २३० क्युबिक इंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन, तीन गिअर, पुढे तिघांना मावणारी सलग सीट आणि गिअरची दांडी स्टिअरिंगच्या कॉलमवर. अॅम्बेसेडर किंवा पद्मिनीवर हात बसलेल्यांना कॉलमच्या गिअरची ओळख करून द्यायला नको, फक्त त्यांत चार गिअर होते आणि हिच्यात तीनच. दांडी आपल्याकडे ओढून वर नेली की रिव्हर्स, आपल्याकडे ओढून खाली आणली की पहिला. पुढे ढकलून वर दुसरा, तिथूनच सरळ खाली तिसरा.

हे सगळं सुरळीत असलं की कॉलमचा गिअर टाकायला फार मजा येते. बिनसलं की मात्र हमखास गर्दीत बिनसतं. माझ्या गाडीची खोड म्हणजे दुसऱ्यातून पहिल्यात येताना दांडी मधेच कुलूप लावल्यासारखी घट्ट बसायची. वर नाही, खाली नाही. मग उतरायचं, बॉनेट उघडायचं, कॉलमच्या बुडाशी असलेले दोन लिव्हर हाताने चाचपायचे आणि वाकडा झालेला दुसऱ्याच्या रेषेत आणून ठेवायचा. ‘खट्’ असा आवाज आला की बॉनेट बंद. मागच्या गाड्या तोवर हॉर्न वाजवून आपलं मत मांडत असतात.

हे होतं का, ते आधी सांगतो, कारण गिअर खाली आणायचा की नाही हे त्यावरच ठरतं. कॉलमच्या आत स्टिअरिंगच्या शाफ्टभोवती एक नळी असते. दांडी आपल्याकडे ओढली किंवा पुढे ढकलली की ही नळी थोडी वरखाली सरकते आणि बुडाशी असलेल्या दोन लिव्हरांपैकी एकाला पकडते. एक लिव्हर पहिला आणि रिव्हर्ससाठी, दुसरा दुसऱ्या-तिसऱ्यासाठी. मग दांडी वर किंवा खाली नेली की नळी फिरते, पकडलेला लिव्हर फिरतो आणि त्याला जोडलेला लांब रॉड गिअरबॉक्सच्या कुशीतला लिव्हर हलवतो. गिअरबॉक्सच्या आत अशी सोय असते, की एक गिअर लागलेला असताना दुसरा लागूच नये. दुसऱ्या-तिसऱ्याचा लिव्हर न्यूट्रलला पूर्ण परत आला नसेल, केसभर जरी बाकी असेल, तरी पहिल्याच्या लिव्हरला आत परवानगी मिळत नाही. रॉडांच्या टोकांचे बुश (सांध्यात बसणारी छोटी अस्तरं) झिजले, लिव्हरांची भोकं लांबट झाली, की हा केसभर फरक रोजचाच होतो.

एका जुन्याजाणत्या मेकॅनिकांना मी हे रडगाणं ऐकवलं. ते म्हणाले, “अरे, आधी इंजिनाची रबरं बघ, मग गिअरला शिव्या दे.” त्यांचं बरोबर होतं. कॉलम बॉडीला घट्ट धरलेला असतो, गिअरबॉक्स मात्र इंजिनाबरोबर रबरी माउंटांवर डुलत असतो. या दोघांना जोडणारे रॉड मधे ताणले जातात. माउंटाचं रबर फाटलं असेल, तर जोर दिला की इंजिन एका बाजूला उचललं जातं आणि रॉड आपोआप ओढला जाऊन गिअर सुटूही शकतो. माझ्या डाव्या माउंटाचं रबर पत्र्यापासून सुटलेलंच निघालं. माउंट बदलले, रॉडांचे बुश बदलले, दोन्ही लिव्हर न्यूट्रलला नीट जुळवले. गिअर अडकणं जवळजवळ थांबलं.

म्हणजे तक्रार मिटवण्यासाठीच जर कोणी हा उद्योग करणार असेल, तर मी सांगेन की थांबा. थोडेसे बुश आणि रबरं यांत तुमचं काम भागण्याची शक्यता बरीच आहे. एवढं करूनही मी गिअर खाली घेतला. थोडी हौस आणि थोडं कारण असं ते होतं. कारण एवढंच, की माझ्या कॉलमच्या नळीचं खालचं टोक आणि त्याची खाच इतकी झिजली होती की सगळा कॉलम उतरवून उघडल्याशिवाय ती नीट होणार नव्हती.

खरं तर कॉलमवर गिअर आला तोच मुळी सीटवर मधल्या माणसाला पाय ठेवायला जागा व्हावी म्हणून. १९३८ साली कॅडिलॅकने तो आपल्या गाड्यांवर दिला आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेतल्या बहुतेक गाड्यांची दांडी फ्लोअरवरून वर गेली. पुढे साठच्या दशकात वारं उलटं फिरलं. १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओमध्ये हर्स्ट कंपनीचा फ्लोअर शिफ्टर, म्हणजे फ्लोअरवरची दांडी आणि तिची यंत्रणा, कारखान्यातूनच बसवून यायचा आणि खाली गिअर असणं हे जोरदार गाडीचं लक्षण ठरलं. माझी शेव्हेल या दोन काळांच्या मधे सापडलेली. १९६७ सालीच त्याच बॉडीत खाली चार गिअर असलेल्या गाड्याही निघत होत्या, त्यामुळे बरेचसे भाग कारखान्याच्या मापाचेच मिळतात.

चार गिअरचा मोह झाला. या गाडीतला तीन गिअरचा सॅगिनॉ गिअरबॉक्स आणि त्याच घराण्यातला चार गिअरचा, दोघांची लांबी सारखीच. गिअरबॉक्सला खालून धरणारा आडवा क्रॉसमेंबर हलवावा लागत नाही, प्रॉपेलर शाफ्ट कापावा लागत नाही, क्लच तोच चालतो. तरी मी तीनवरच राहिलो. सहा सिलिंडरच्या या इंजिनाला कमी फेऱ्यांतही ओढायची सवय आहे, आणि १९६६ पासूनच्या या गिअरबॉक्समध्ये पहिल्यालाही सिंक्रो (गिअरांचा वेग जुळवून देणारी सोय) आहे, त्यामुळे गाडी पूर्ण न थांबवता पहिल्यात येता येतं. बॉक्समध्ये खोट नव्हती, खोट वरच्या कांड्यांमध्ये होती. मग चांगला बॉक्स कशाला उतरवा?

सगळ्यात जास्त धाकधूक कॉलमवरची दांडी काढताना होती. दांडी एका आडव्या पिनेने कॉलरमध्ये, म्हणजे स्टिअरिंगच्या चाकाखालच्या फिरत्या कड्यात, अडकवलेली असते. जुन्या गाड्यांवर काम केलेला कोणीही हातोडी आणि पंच घेऊन ती ठोकून काढेल. पण १९६७ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत अपघातात आत दबणारा कॉलम आला. त्याची बाहेरची नळी जाळीसारखी कापलेली असते, जोरात धडक बसली की ती चुरगळावी म्हणून. आतला शाफ्ट आणि गिअरची नळी दोन दोन तुकड्यांची असते आणि ते तुकडे प्लॅस्टिकच्या छोट्या खिळ्यांनी एकत्र धरलेले असतात. धडकेत हे खिळे तुटायचे असतात. मात्र ते हातोडीच्या घावांनीही तुटतात. तुटले की कॉलम ढिला, आणि तो पुन्हा सुरक्षित करणं घरचं काम नाही. म्हणून मी पिनेवर एकही घाव घातला नाही. लहान सी-क्लॅम्प घेतला, एका बाजूला पिनेपेक्षा बारीक बोल्ट, दुसऱ्या बाजूला पिन सरकून आत यावी म्हणून पोकळ सॉकेट, आणि स्क्रू हळूहळू आवळत गेलो. आदल्या रात्री भेदक तेल सोडून ठेवलं होतं. बराच वेळ काहीच होत नाही असं वाटलं, मग पिनेने ‘टक्’ केलं आणि ती दाबल्या दाबल्या सरकू लागली. दांडीच्या मुळाशी एक छोटी स्प्रिंग असते, दांडी खडखडू नये म्हणून. दांडी ओढली की ती उडून जाते, तेव्हा हात खाली धरावा.

दांडी निघाली की संपलं असं नाही. आतली नळी आणि कॉलर आता कुणालाच बांधलेली नसते. गाडी चालवताना ती आपली फिरत राहते आणि आतून किरकिरते. मी खालचे दोन्ही रॉड काढले आणि बुडाशी असलेले लिव्हर न्यूट्रलला ठेवून एका पट्टीने कॉलमच्या ब्रॅकेटलाच पक्के बांधले. कॉलरवर दांडीचं रिकामं भोक राहतं, त्यात रबरी बूच बसवलं. फ्लोअर गिअरच्या गाडीची बिनभोकाची कॉलर मिळते, पण ती घालायला कॉलम वरून उघडावा लागतो. बुचाकडे कोणी बघत नाही.

इथे एक गोष्ट आधीच तपासून घ्यावी. माझ्या गाडीत इग्निशनची किल्ली डॅशबोर्डवर आहे, त्यामुळे प्रश्न आला नाही. १९६९ पासून जनरल मोटर्सने किल्ली कॉलमवर नेली आणि स्टिअरिंगला कुलूप आलं. त्या गाड्यांत किल्ली पूर्ण फिरवून काढायला गिअर रिव्हर्समध्ये हवा, आणि ते कॉलमला कळावं म्हणून फ्लोअर गिअरच्या गाड्यांतही गिअरबॉक्सपासून कॉलमपर्यंत एक वेगळा रॉड दिलेला असे. तिथे कॉलमचे लिव्हर माझ्यासारखे बांधून टाकले, तर किल्लीचं गणित बिघडतं.

आता पत्रा. गाडी चारही स्टँडवर घेतली, बॅटरीची तार काढली, सीट बाहेर, कार्पेट आणि त्याखालचं तागाचं अस्तर गुंडाळून मागे. शिफ्टर गिअरबॉक्सच्या मागच्या हाउसिंगवर ब्रॅकेटने बसतो, बॉडीवर नाही. माझ्या मते या सगळ्या बदलातला खरा फायदा हाच आहे. इंजिन डुललं तर गिअरबॉक्सबरोबर शिफ्टरही डुलतो, त्यामुळे रॉडांना ताण कसला तो नाहीच. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की दांडी टनेलच्या, म्हणजे गिअरबॉक्सवर उंच आलेल्या फ्लोअरच्या पत्र्याच्या, भोकात सतत थोडी हलत राहणार. भोक दांडीच्या मापाचं करून चालत नाही.

ब्रॅकेट आणि शिफ्टरचं धड खालून तात्पुरतं बसवलं, ते पत्र्याला जिथे भिडतं तिथे खडूने खूण केली आणि त्या खुणेच्या मधोमध खालून वर एक बारीक भोक पाडलं. वरून ड्रिल मारण्यापेक्षा हे बरं. खाली कोणती तार, कोणता पाइप, पार्किंग ब्रेकची केबल कुठून जाते, हे डोळ्यांसमोर असतं. मग वर येऊन त्या भोकाभोवती लहानसा चौकोन कापला, जेमतेम दांडी जाईल एवढा. पुन्हा खाली, शिफ्टर बसवला, रिव्हर्स धरून चारही गिअर टाकून बघितले. दांडी जिथे घासली तिथे खूण, पुन्हा थोडं कापलं. असं कापत कापत जायचं. पत्रा कमी करता येतो, वाढवता येत नाही.

शेवटी दिसलं की शिफ्टरचं डोकं सपाट टनेलच्या खाली मावणारच नव्हतं. चार गिअर घेऊन निघालेल्या शेव्हेलांच्या टनेलवर याच जागी पत्र्याचा उंचवटा असतो. तसाच नव्याने बनवलेला पत्रा आणला आणि वेल्डिंग करणाऱ्याकडून त्याला चहूबाजूंनी टाके मारून घेतले. वेल्डिंगच्या आधी खालचं डांबरी अंडरकोटिंग भोकापासून वीतभर खरवडून काढलं, कारण ते पेटतं आणि धुमसत राहतं. ओला कपडा आणि अग्निशामक हाताशी होता. काम झाल्यावरही बराच वेळ मी गाडीजवळून हललो नाही, तागाचं अस्तर ठिणगीने नंतरही धरतं.

उंचवटा बसल्यावर इंजिन किती डुलतं ते बघणं भाग होतं. लाकडाचा ठोकळा लावून पहारीने इंजिनाला एका बाजूला रेटलं आणि त्याच वेळी मित्राला वर दांडीकडे बघायला सांगितलं. नवे माउंट असूनही दांडीचं मूळ बोटभर तरी सरकत होतं. तेवढी जागा चारही बाजूंनी मोकळी ठेवली, कडा कानशीने घासल्या, प्रायमर, रंग, शिवणीवर सीलंट आणि वर रबरी बूट. बुटाची कड पत्र्याच्या कड्याखाली सीलंट लावून दाबावी. नाहीतर खालची धूळ, गरम हवा आणि इंजिनाचा आवाज सगळं आत येतं, शिवाय एक्झॉस्टला गळती असेल तर तो धूरही.

रॉड जोडणं मला सगळ्यात आवडलं. शिफ्टरच्या धडात आरपार पाव इंचाचं भोक असतं. दोन्ही लिव्हर न्यूट्रलला असताना ती भोकं एका रेषेत येतात आणि त्यातून पाव इंचाची सळई सरळ आरपार जाते. माझ्याकडे त्या मापाचं ड्रिलबिट होतं, तेच उलटं घालून ठेवलं. म्हणजे शिफ्टर न्यूट्रलला कुलूपबंद. मग गिअरबॉक्सचे दोन्ही लिव्हर हाताने न्यूट्रलला आणायचे. ते कळतं, कारण मधल्या जागी आल्यावर आतला डिटेंट, म्हणजे लिव्हरला जागच्या जागी धरणारा खटका, बोटांना स्पष्ट जाणवतो आणि मागचा शाफ्ट हाताने मोकळा फिरतो. आता रॉडचं आटे असलेलं टोक फिरवून त्याची लांबी अशी करायची, की ते लिव्हरच्या भोकात आपलं आपण जाईल. ढकलून, वाकवून, ओढून बसवलं तर तो ताण तसाच आत राहतो आणि पुढे गिअर पूर्ण लागत नाही. माझा एक रॉड अर्ध्या वेढ्याने लांब वाटायचा, अर्ध्याने आखूड. टोकाची आकडी उलट बाजूने घातल्यावर जुळला.

रॉड जुळले की ड्रिलबिट एका बोटाने बाहेर यायला हवं. माझं आलं.

त्यानंतर थांब-बोल्ट. फ्लोअरवरची दांडी लांब असते आणि माणूस उत्साहात ती खच्चून ओढतो. तो जोर गिअरबॉक्सच्या आत गिअर सरकवणाऱ्या फोर्कवर येऊ नये म्हणून गिअर पूर्ण लागल्यावर दांडी बोल्टाला टेकते. बोल्ट फार आत असला तर गिअर अर्धवट लागून सुटतो, फार बाहेर असला तर त्याचा काही उपयोग नाही. हे बाहेरूनच दिसतं. गाडी अजून स्टँडवरच असताना गिअर लावून गिअरबॉक्सचा लिव्हर हाताने आणखी पुढे जातो का ते बघायचं.

सलग सीट ठेवायची तर दांडीला बाक हवा. पहिला आणि तिसरा दोन्ही मागे लागतात, आणि सीट पूर्ण पुढे ओढली की सरळ दांडीची मूठ सीटच्या कडेला अडते. मी उंच आहे, माझी सीट मागे असते, त्यामुळे मला कळलंच नसतं. घरातलं बुटकं माणूस बसवून बघितलं म्हणून कळलं. आधी पुढे जाऊन मग मागे वळणारी दांडी घेतली.

रिव्हर्सच्या दिव्यांचा स्विच कॉलमच्या बुडाशी, डॅशबोर्डखाली होता. कॉलम आता फिरणारच नाही, म्हणजे तो स्विच तिथे मेलाच. त्याच्या दोन्ही तारा लांबवून टनेलमधून खाली नेल्या आणि शिफ्टरच्या रिव्हर्सच्या लिव्हरवर दाबला जाईल असा नवा स्विच ब्रॅकेटवर बसवला. ऑटोमॅटिक गाडीत हेच काम जास्त जबाबदारीचं. तिथे कॉलमवर बहुधा न्यूट्रल सेफ्टी स्विचही असतो, आणि तो नव्या शिफ्टरवर नीट आणला नाही तर गाडी गिअरमध्ये असतानाच स्टार्ट होऊन पुढे उडी मारते.

पहिल्यांदा गाडी रस्त्यावर काढली तेव्हा पहिले काही कोपरे उजवा हात हवेत कॉलमकडे जात होता. ठेवण तशी बदललेली नाही. आपल्याकडे ओढणं तेच, पुढे ढकलणंही आता उजवीकडे ढकलणं एवढंच. वर होतं ते समोर गेलं, खाली होतं ते मागे. दुसऱ्यातून पहिल्यात येणं, ज्यासाठी मी बॉनेट उघडायचो, आता दोन बोटांचं काम आहे. गाडी वेगवान झाली का, असं विचारणारे खूप भेटतात. नाही झाली. १४० अश्वशक्तीच्या इंजिनाला दांडी कुठे आहे याने फरक पडत नाही.

गमावलं ते मधल्या माणसाच्या पायांनी. पूर्वी तिसरा माणूस आरामात बसायचा, आता त्याचे गुडघे दांडीच्या दोन बाजूंना आणि दुसरा टाकताना तो दचकतो. लांबच्या प्रवासाला तिघं पुढे बसायचे दिवस संपले. रबरी बुटातून गिअरबॉक्सची हलकी घरघरही आत येते. कार्पेटखाली आवाज दाबणारं जाड अस्तर घातलं तेव्हा ती कमी झाली, गेली मात्र नाही.

थोडं चालवल्यावर गाडी पुन्हा वर घेतली. एका रॉडच्या टोकाचा लॉकनट ढिला झाला होता. तो आवळला, बाकीच्यांवरून पाना फिरवला, आणि आता प्रत्येक ऑइल बदलीला तेवढं बघून घेतो. कॉलमची दांडी, दोन्ही रॉड, ती स्प्रिंग आणि पिन तेल लावून पिशवीत घातली आणि पिशवी डिकीत टाकली. पुढच्या मालकाला मूळ रूप हवं असेल तर एवढं परत बसवता येईल. नळीची झिजलेली खाच तेव्हा दुरुस्त करावी लागेल, आणि टनेलचा उंचवटा कापून तिथे सपाट पत्रा लावावा लागेल.